नागपूरच्या उन्हात बसायचं कुठे आणि कशावर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बेसा भागातल्या फ्लॅट स्कीममध्ये तळमजल्यावर घर घेतलंय आणि फर्निचर करायचंय. सगळं एकदम दुकानातून उचलावं की मिस्त्री लावून सागवानात करून घ्यावं, हे घरात ठरत नाहीये. दुसरं म्हणजे लेआउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, मोकळ्या जागेसाठी वर्गणी जमली आहे. तिथे चार ग्रॅनाइटचे बाक आणि मधोमध फायबरचं एखादं शिल्प बसवावं, असं बहुतेकांचं मत आहे. ते योग्य होईल का, असं तुम्ही विचारलंय.

मी चोवीस वर्षं लाकडाचं काम करतोय. सुरुवातीला फक्त घरातलं केलं, पुढे बागांमधलं आणि चौकांतलंही करू लागलो. आधी सरळ उत्तर देतो, कारणं मागून येतील. घरात जिथे अंग टेकतं तिथे सागवान आणि वेत वापरा. जे भिंतीला लागून नुसतं उभं राहणार आहे ते चांगल्या प्लायचं करा. आणि सगळं पहिल्याच वर्षी करू नका. मोकळ्या जागेत ग्रॅनाइटचे बाक नकोत. फायबरचं शिल्प तर अजिबात नको. त्या पैशात दुसरं काय होऊ शकतं ते शेवटी लिहिलंय, आणि ते तुमच्याकडे व्हावं असं मला मनापासून वाटतं.

ग्रॅनाइटला नाही का म्हणतो, ते आधी. दहाएक वर्षांपूर्वी पश्चिम नागपुरातल्या एका बागेसाठी मी सहा बाक केले होते. लोखंडी सांगाडा, वर काळ्या ग्रॅनाइटची जाड फरशी, कडा गोल केलेल्या. जानेवारीत बसवले. थंडीत लोक सकाळी त्यावर ऊन खात बसायचे, कौतुक झालं, फोटो निघाले. एप्रिलच्या शेवटी संध्याकाळी सहाच्या सुमारास सहज तिकडे गेलो, तर बाग भरलेली आणि सहाच्या सहा बाक रिकामे. दहा पावलांवर कडुनिंबाच्या आळ्याभोवती गट्टूंची, म्हणजे फरसबंदीच्या सिमेंटी ठोकळ्यांची, एक बुटकी कड होती, जेमतेम नऊ इंच उंच. त्या कडेवर पाच-सहा बाया गुडघे छातीशी घेऊन बसल्या होत्या. त्यांतल्या थोरल्या आजींना विचारलं, ‘आजी, बाकावर का नाही बसत?’ त्या म्हणाल्या, ‘तो बाक बसासारखा होते आठ वाजता. तवर आमी घरी जातो बाबा.’

मी बाकावर हात ठेवला. दिवसभर खाल्लेलं ऊन तो दगड आता परत देत होता. थोड्या वेळाने आजी उठायला लागल्या. नऊ इंचांवरून उठताना आधी एक हात जमिनीला, मग दुसरा शेजारणीच्या खांद्याला, तरी दोनदा परत बसल्या. घरी येऊन त्या बाकांचे माझ्या भिंतीवरचे फोटो मी काढून टाकले.

वस्तू किती तापली याइतकंच, ती ताप आपल्या कातडीला किती वेगाने देते हेही महत्त्वाचं असतं. लाकूड तो फार हळू देतं. ग्रॅनाइटमधून उष्णता लाकडापेक्षा दहापटींहून अधिक सहज वाहते, लोखंडातून तर शेकडो पटींनी. म्हणून एकाच उन्हात सारख्याच तापलेल्या दोन पट्ट्यांपैकी सागवानी पट्टीवर हात ठेवता येतो आणि लोखंडीवर चटका बसतो. त्यात काळा रंग ऊन ओढून घेतो आणि जाड दगड ते रात्रीपर्यंत साठवतो. मुंबईच्या किंवा पुण्याच्या बागेत हाच बाक चालून जाईल. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा दुसऱ्या शहराच्या फोटोवरून निवडलेली वस्तू इथे उभी करणं म्हणजे इथल्या म्हाताऱ्यांना गट्टूंच्या कडेवर बसवणं.

आता घराकडे येतो, कारण तिथेही हीच गोष्ट लागू पडते. जाड फोमचा, रेक्झिन मढवलेला सोफा दुकानाच्या एसीत छान वाटतो. तुमच्या हॉलमध्ये मेच्या दुपारी लाइट गेली की दहा मिनिटांत पाठ चिकटते. याउलट वेताच्या विणीतून हवा आरपार जाते. चंदीगड वसवताना, १९५० च्या दशकात, पिएर जानरे या स्विस वास्तुकारांनी तिथल्या कचेऱ्यांसाठी सागवान आणि वेताच्या खुर्च्या आखल्या आणि त्या तिथल्याच सुतारांकडून करून घेतल्या. पुढे त्या सरकारी आवारांत मोडक्या ढिगांत पडल्या आणि नंतर परदेशातल्या लिलावांत लाखोंना विकल्या गेल्या. मला ती खुर्ची महाग झाली म्हणून आवडत नाही. उत्तरेच्या उन्हाळ्यात माणूस दिवसभर तिच्यावर बसेल, हे धरून ती केलेली आहे, म्हणून आवडते. तुमच्या मिस्त्रीला अशी बैठक करायला सांगा: सागवानी चौकट, वेताचं विणकाम, वर पातळ सुती गादी जी हिवाळ्यात टाकता येईल आणि उन्हाळ्यात उचलता येईल. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत वेत कडक होऊन तुटतो, तेव्हा महिन्यातून दोनदा विणीला खालच्या बाजूने ओल्या फडक्याने पुसून घ्या. वरून नको, वरच्या बाजूला पॉलिश असतं.

सागवानाच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. आलापल्लीच्या जंगलातलं सागवान आणि बल्लारशाचा लाकूड डेपो हे नाव देशभर चालतं. दिल्लीतल्या २०२३ मध्ये उघडलेल्या नव्या संसद भवनासाठीही सागवान नागपुरातूनच गेलं. पण ‘सागवान’ म्हणून मिळणारं सगळं सारखं नसतं. खोडाच्या आतला तपकिरी भाग टिकतो. सालीलगतचा पांढरट भाग वाळवी आवडीने खाते. पॉलिश मारलं की दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून माल पॉलिशच्या आधी बघा आणि पांढरा पट्टा असलेली फळी बाजूला काढायला सांगा. सगळं सागवानातच हवं असाही हट्ट नको. आतल्या हलक्या कामाला शिवण चांगलं, कारण ते फारसं वाकत नाही. बीजा टिकाऊ आहे, हळदूवर कातकाम सुंदर होतं. ही सगळी आपल्या जंगलांतली झाडं आहेत, फक्त शोरूममध्ये त्यांची नावं कोणी घेत नाही.

आता कूलर. नागपुरात फर्निचर बिघडवणाऱ्या गोष्टींत मी कूलरला पहिला नंबर देतो, आणि आखणी करणारे बाहेरचे लोक नेमका तोच विसरतात. मेच्या दुपारी बाहेरच्या हवेत दमटपणा २० टक्क्यांच्याही खाली जातो. त्याच वेळी कूलरसमोरच्या कपाटाला ओल्या ताट्यांमधून आलेली हवा आठ-दहा तास लागत असते. पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, ही हवा पितो. आधी कड फुगते, मग सनमायका सुटतो, मग कब्जाचे स्क्रू भुशात धरेनासे होतात. दोन उन्हाळ्यांत दार खाली येतं. म्हणून मिस्त्री आल्यावर आधी खिडकीत कूलर कुठे लागणार ते ठरवा, आणि त्या झोताच्या रेषेत कपाट येऊ देऊ नका. जागाच नसेल तर तिथे प्लाय बीडब्ल्यूपीचा (उकळत्या पाण्यालाही दाद न देणारा), म्हणजे आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असलेला घ्या. आयएस ३०३ मधला एमआर (फक्त ओलसरपणा सोसणारा) हा प्लाय कोरड्या खोलीसाठी ठीक आहे, ओट्याखाली आणि कूलरसमोर नाही. कापलेल्या प्रत्येक कडेला पट्टी लागलीच पाहिजे, मागच्या आणि खालच्या कडेलाही. तिथे मिस्त्री म्हणतील, ‘दिसत नाही, कशाला?’ ओल मात्र न दिसणाऱ्या कडेतूनच शिरते.

लाकूडही श्वास घेतं, फक्त त्याची तऱ्हा वेगळी. ते लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत बदलतं. तीन फूट रुंद सागवानी टेबलाची फळी ऑगस्टमध्ये आणि मेमध्ये मोजली तर एक-दोन सुतांचा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फरक सहज सापडतो. ही फळी खालच्या चौकटीला स्क्रूने घट्ट आवळली तर ती उन्हाळ्यात चिरते, आणि मग दोष लाकडाला दिला जातो. स्क्रूचं भोक लांबट ठेवायचं, म्हणजे फळीला सरकायला वाव मिळतो. एवढ्याशा भोकावर टेबलाचं आयुष्य ठरतं. तुमच्या मिस्त्रीला लांबट भोकाबद्दल विचारा. त्याने लगेच मान डोलावली तर माणूस जाणता आहे.

तुम्ही तळमजल्यावर आहात म्हणून एक आठवण सांगणं भाग आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि आजूबाजूच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरलं. पुढच्या आठवड्यात मी तिकडे चार-पाच घरांत गेलो होतो. रस्त्याच्या कडेला फुगलेल्या कपाटांचे, पलंगांचे ढीग होते. पार्टिकल बोर्ड हाताने ओढला की भिजलेल्या ब्रेडसारखा सुटत होता. एका घरात आजोबांच्या काळची सागवानी आलमारी तेवढी उभी होती. चिखल धुतला, सावलीत महिनाभर वाळवली, खालची एक फळी बदलली, आज ती वापरात आहे. तिला सहा इंचांचे पाय होते आणि सांधे लाकडात लाकूड बसवून केलेले होते, डिंकावर उभे नव्हते. तुमच्याकडे पाणी येईल असं मी म्हणत नाही. पण तळमजल्यावर जमिनीला टेकलेली पेटीसारखी कपाटं करण्यापेक्षा पाच-सहा इंच पायांवर उभी करा. खालून झाडता येतं, वाळवी आली तर दिसते, आणि लादी पुसताना रोजचं पाणी लाकडाला लागत नाही.

चकचकीत पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश तुम्हाला सगळे सुचवतील. दारांना ते ठीक आहे. टेबल, पाट, पोळपाट ठेवायची फळी, खुर्चीचे हात अशा रोज हात लागणाऱ्या वस्तूंना मी जवसाचं तेल लावतो. विदर्भात जवसाची चटणी ज्याच्या घरी होत नाही असं घर विरळा. त्याच जवसाचं तेल लाकडात मुरलं की हवेने घट्ट होतं. ओरखडा पडला तर त्याच जागी पुन्हा लावता येतं, आख्खं टेबल घासावं लागत नाही. रंगाच्या दुकानात ते उकळलेलं मिळतं आणि लवकर वाळतं. फक्त त्यात वाळवणारी रसायनं मिसळलेली असतात, म्हणून जिथे अन्न ठेवायचं त्या फळीला आणि पाटाला खाण्याचं साधं जवसाचं तेलच लावा आणि वाळायला पंधरा-वीस दिवस द्या. एक गोष्ट मात्र मनावर घ्या: तेलाने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकायची नाहीत. वाळताना त्यांच्यात उष्णता तयार होते आणि ढिगाऱ्यात ती आपोआप पेट घेऊ शकतात. आपल्या उन्हाळ्यात तर हे अगदी खरं धरा. काम झालं की फडकी अंगणात एकेक पसरून वाळवा, नाहीतर पाण्याच्या बादलीत टाका.

पहिल्या वर्षी काय करू, असं विचाराल तर मी माठाची तिवई म्हणेन. हसू नका, मी गंभीरपणे सांगतोय. १९५८ मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याने भारत सरकारला जो अहवाल दिला आणि ज्यातून पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली, त्यात त्यांनी सर्वांत जास्त दाद आपल्या लोट्याला दिली होती. माठ त्याचाच थोरला भाऊ. तो गार का होतो? अंगातून झिरपलेलं पाणी उडून जातं आणि जाताना आतली उष्णता नेतं. म्हणजे माठाला सगळ्या बाजूंनी कोरडी, वाहती हवा हवी. बहुतेक घरांत तो ओट्याच्या कोपऱ्यात किंवा कूलरच्या खोलीत असतो आणि मग ‘माठ गारच होत नाही’ अशी तक्रार येते. तिवई अशी करा: तीन पाय, कारण लादी थोडी उंचसखल असली तरी तीन पाय डुगडुगत नाहीत. वर सलग फळी नको, तीन पट्ट्यांवर एक गोल कडं, म्हणजे माठाचा तळ उघडा राहतो. माठाला तोटी असेल तर तोटी कमरेच्या थोडी खाली यावी आणि तिच्याखाली पेला नीट बसावा, एवढी उंची, साधारण २६ ते २८ इंच. पायांना खालून पितळी टोपी. जागा बाल्कनीच्या दारापाशी, जिथून वारा येतो पण ऊन येत नाही. एका रविवारचं काम आहे. ती झाल्यावर तुम्हाला घरातल्या हवेची ये-जा कळायला लागते, आणि मग सोफा कुठे ठेवायचा हे कोणाला विचारावं लागत नाही.

वेळ काढून एकदा सेवाग्रामला जा, दीड-दोन तासांचा रस्ता आहे. बापू कुटीत जमिनीवर बसा. मातीच्या भिंती, बांबू, चटई, बुटकं लिहायचं मेज. नजर खाली आली की छोटी खोली मोठी वाटते. तुमच्या हॉलच्या एका कोपऱ्यात तरी अशी जमिनीलगतची बैठक ठेवा.

आता मोकळी जागा.

बागेत बाक ही आपल्याकडे बरीच नंतर आलेली वस्तू आहे. त्याआधी पार होता. पिंपळाचा किंवा वडाचा बुंधा, भोवती मांडी घालून बसता येईल एवढी रुंद दगडी कड, सावली वर, पाठ बुंध्याकडे, तोंड रस्त्याकडे. उन्हाळ्यात त्याच्याच शेजारी पाणपोईचे रांजण यायचे. सत्तरच्या दशकात विल्यम व्हाइट या अमेरिकन अभ्यासकाने न्यूयॉर्कच्या चौकांत कॅमेरे लावून महिनोनमहिने पाहिलं की लोक नक्की कुठे बसतात. त्याला जे दिसलं ते आपल्या पाराने कधीच ओळखलं होतं: जिथे बसायची सोय आहे तिथे लोक बसतात, आणि त्यांना माणसांची वर्दळ बघायला आवडते. मोकळ्या जागेच्या मधोमध, उन्हात, चारही बाजूंना पाठ करून ठेवलेला बाक या दोन्ही कसोट्यांवर पडतो.

तुमच्या जागेत दोन जुनी कडुनिंबं आणि एक करंज आहे, असं तुम्ही लिहिलंय. मग निम्मं काम झालंच आहे. कडुनिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं टाकतो आणि पाडव्याच्या सुमारास कोवळ्या पालवीने भरतो. करंजही एप्रिलपर्यंत हिरवागार होतो. म्हणजे मेच्या तोंडावर दोघांचीही सावली पूर्ण तयार असते. गुलमोहर मात्र बसायच्या जागेजवळ नवा लावू नका. मेमध्ये तो फुलतो सुंदर, पण पानं कमी असतात, आणि मान्सूनपूर्व वादळात त्याच्या फांद्या मोडतात.

या झाडांभोवती पार करताना एक चूक सगळीकडे होते. बुंध्याला चिकटून सिमेंट ओततात, किंवा कड बांधून आत माती भरून बुंधा फूटभर गाडतात. पहिल्यात मुळांना पाणी मिळत नाही, दुसऱ्यात साल कुजते. बुंध्यापासून सगळीकडे किमान तीन-साडेतीन फूट जमीन उघडी ठेवा, तिची पातळी आहे तीच राहू द्या, आणि कड त्याबाहेर घ्या. गट्टूही त्या वर्तुळात नकोत. कडेची उंची १७ ते १८ इंच, रुंदी दीड फूट, दगड फिका, काळा नाही. पूर्ण गोल करायचीच गरज नाही; पूर्वेकडचा अर्धा गोल पुरेसा आहे. पूर्व का, ते सांगतो. उन्हाळ्यात संध्याकाळी सूर्य पश्चिमेला असतो, सावली पूर्वेला पडते. हिवाळ्यात सकाळी सूर्य आग्नेयेकडून येतो, तेव्हा झाडाच्या पूर्वेला कोवळं ऊन मिळतं. एकच जागा मेमधल्या पाच वाजता आणि डिसेंबरमधल्या आठ वाजता, दोन्ही वेळा योग्य ठरते.

कडेवर तरुण बसतील. म्हाताऱ्यांना पाठ आणि हात असलेले बाकच लागतात, तेव्हा चाराऐवजी दोन करा, पण मनापासून करा. बसायची उंची १७ इंच, खोली १६-१७ इंच, पाठ किंचित मागे झुकलेली. दोन्ही टोकांना हात हवेत, बसण्याच्या पातळीपासून आठ-नऊ इंच वर आणि पुढपर्यंत आलेले, म्हणजे उठताना दोन्ही तळव्यांनी जोर देता येतो. त्या आजींसाठी हा हात बाकाइतकाच महत्त्वाचा आहे. सांगाडा जस्त चढवलेल्या लोखंडाचा, पण अंगाला लागणाऱ्या सगळ्या पट्ट्या सागवानाच्या, सव्वा इंच जाड, दोन पट्ट्यांमध्ये तीन सूत फट. फटीतून पाणी गळतं आणि हवा खेळते. पाय मातीत गाडू नका, कारण जमीन आणि हवा मिळते त्या रेषेवर लोखंड गंजतं आणि लाकूड कुजतं. दगडाच्या ठोकळ्यावर बोल्टने बसवा. दोन बाक एका ओळीत नकोत, काटकोनात ठेवा, म्हणजे चार बायका एकमेकींकडे तोंड करून बोलू शकतील. एका बाकाच्या बाजूला तीन फूट सपाट जागा सोडा, व्हीलचेअरवरचं माणूस तिथे येऊन गप्पांत बसेल.

काही जण सुचवतील की बाकाच्या मधोमध लोखंडी दांडा घाला, म्हणजे कोणी आडवं होणार नाही. कृपया घालू नका. दुपारी दोनला तुमच्या लेआउटमध्ये आडवं होणारा माणूस म्हणजे चौकीदार, भाजीवाला किंवा डिलिव्हरीचा मुलगा. त्याने अर्धा तास सावलीत पाठ टेकली तर त्या बाकाने आपलं काम चोख केलं.

शिल्पाबद्दल. फायबर म्हणजे काचेचे धागे आणि राळ. आपल्या उन्हाने वरची राळ खडूसारखी भुरभुरते, रंग उडतो, केसाएवढ्या चिरा पडतात, आणि शेवटी काचेचे धागे उघडे पडून मुलांच्या हाताला टोचतात. पहिल्या फोटोनंतर त्याच्याकडे कोणी बघत नाही आणि मोडल्यावर ते कशाच्याच उपयोगाचं राहत नाही. भिंत रंगवायची कल्पना निघाली तर पश्चिमेकडची भिंत टाळा, गेरू आणि पिवळ्या मातीसारखे लोहयुक्त रंग वापरा, ते उन्हात टिकतात, आणि जमिनीपासून दोन फूट रिकामे सोडा, तिथे ओल चढून पापुद्रे सुटतात.

पण मला विचाराल तर तुमच्या जागेत एक नंदी हवा. आपल्या शहराच्या कलेकडे बघा. झिरो माइलचा तो वालुकाश्माचा खांब आणि १९०७ चा दगड मोजणीच्या कामासाठी आले, शोभेसाठी कोणी मागवले नव्हते. आज नागपूर म्हटलं की तेच डोळ्यांपुढे येतं. काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मिरवणुकीतला भलामोठा पुतळा, १८८० च्या दशकापासून दरवर्षी निघते, बांबू, कागद आणि कापडाची, आणि तिच्यासाठी इतवारीत गर्दी लोटते, कारण तिच्यात प्रत्येकाचा राग असतो. आणि तान्हा पोळा तर आपला स्वतःचा. लाकडी नंदी सजवून, दोरीने ओढत मुलं जिथे जमतात ती जागा म्हणजे तुमची ही मोकळी जागाच ना?

मग एक मोठा नंदी करा, बसलेला, करंजाच्या सावलीत. आत सळ्या आणि जाळी, वर सिमेंटचा गिलावा, म्हणजे आकार हवा तसा वळवता येतो. पाठीची उंची १८ इंच ठेवा, पाच वर्षांचं पोर चढेल आणि आजोबाही आडवे पाय सोडून बसतील. शिंगं जाड आणि आत वळलेली, टोकं बोथट. खाली वाळू, गट्टू नकोत. घडवायला महालातल्या चितार ओळीतल्या मूर्तिकाराला बोलवा. गणपतीचे डोळे आखणाऱ्या हाताला नंदीचा चेहरा नवा नाही. अंगावर फुटक्या चिनी मातीच्या तुकड्यांची नक्षी करा, पण तुकडे विकत आणू नका. प्रत्येक घरातून एक कान तुटलेला कप, एक फुटकी बशी, उरलेली एक टाइल मागवा. १९०० ते १९१४ या काळात उभ्या राहिलेल्या बार्सिलोनाच्या पार्क ग्वेल या बागेतला नागमोडी बाक असाच तुकड्यांनी मढवलेला आहे. फिके तुकडे जास्त घ्या, ते कमी तापतात. प्रत्येक तुकड्याची कड घासायच्या दगडाने बोथट करूनच बसवा, आणि सांध्यातलं पांढरं सिमेंट तुकड्याच्या बरोबरीने भरा, खाली खड्डा राहू देऊ नका, नाहीतर बोटं कापतात. हे घासायचं काम मोठ्यांनी बसून करायचं, नक्षीची मांडणी मुलांवर सोडायची. तान्ह्या पोळ्याला सगळे छोटे नंदी त्याच्याभोवती गोल उभे राहतील, तेव्हा आपला निळा कप त्याच्या कानावर आहे की वशिंडावर, हे पोरांना बरोबर माहीत असेल.

बाकांची ऑर्डर मात्र आत्ता देऊ नका. २६ मेच्या आसपास नागपुरात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्या आठवड्यात एके दिवशी दुपारी चारला, पाचला आणि सहाला जागेवर जा, बरोबर कबड्डीचं मैदान आखायची फक्की न्या, आणि तिन्ही वेळा झाडांच्या सावलीची कड जमिनीवर मारून घ्या. तिन्ही रेषांच्या आत जो भाग येईल त्याचा फोटो आणि मापं मला पाठवा. दोन्ही बाकांचं कच्चं रेखाटन मी त्यावर करून देतो, मोबदला नको.